दम घेणारी बेस गिटार

तुम्हा दोघांपैकी मोठीने शाळेच्या बँडमध्ये बेस गिटार घेतली हे मला व्हिडिओ कॉलवर कळलं. धाकट्याने लगेच मागून सांगितलं की ती वाजवते तेव्हा गाणं वगैरे काही ऐकू येत नाही, फ्रीज गुरगुरल्यासारखं वाटतं. त्यावर तुमचं भांडण झालं, तुमच्या आईने कॅमेरा भिंतीकडे फिरवला, आणि भांडण मिटल्यावर मोठीने मला विचारलं, "आजी, तुझ्याकडे नांदेडला कोणी बेस वाजवतं का? नवीन कोणी, ऐकण्यासारखं?"

मी म्हटलं, शोधून सांगते.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "उद्या सांगते" म्हणायचं आणि उद्या खरंच सांगायचं, ही एक सवय तेव्हापासून लागलेली आहे. या प्रश्नाचा उद्या यायला मात्र बरेच महिने लागले. कारण पहिली अडचण अशी होती की मलाही बेस गिटार ऐकू येत नव्हती. तुम्ही पाठवलेली गाणी मी लावत असे. गाणारा ऐकू येई, ड्रम ऐकू येई, ती चिरकी गिटार तर नको तितकी ऐकू येई. बेस कुठे आहे, हे कळत नसे. धाकट्याचा फ्रीजसुद्धा मला सापडला नाही.

शेवटी मी वजिराबादेतल्या वाद्यांच्या दुकानात गेले. तिथे हार्मोनियमचे भाते दुरुस्त होतात, ढोलकीला पानं बसवून मिळतात, आणि काचेच्या कपाटात गिटारच्या तारांची पाकिटं असतात. दुकानदाराला विचारलं, "आपल्या गावात बेस गिटार कोण वाजवतं?" त्याने जरा विचार केला. म्हणाला, "मॅडम, जाड तारा माझ्याकडून तिघंच नेतेत. बाकी सगळे कीबोर्डावरच भागवतेत."

ते तिघे मी ऐकले. नावं इथे लिहीत नाही, फोनवर सांगेन.

पहिला चर्चमध्ये वाजवतो, रविवारी सकाळी. दिवसा तो एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्याचं वाजवणं नीटनेटकं आहे, इस्त्री केलेल्या शर्टासारखं. सुरुवात करणाऱ्याने त्याला ऐकावं. प्रत्येक सूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे स्पष्ट कळतं, आणि मला बेस पहिल्यांदा ऐकू आली ती त्याचीच. तेही उलट मार्गाने. एक भजन चालू असताना त्याच्या गिटारची वायर निघाली, आणि अख्खं गाणं एकदम उभ्या उभ्या हलकं झालं, पायाखालची सतरंजी ओढावी तसं. गाणारे तेच, पेटी तीच. वायर परत लागली तसं गाणं जमिनीवर आलं. तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या ठिकाणी कान लावत होते. बेसकडे कान लावायचा नसतो, तिच्यावर बाकीचं काय काय उभं आहे ते पाहायचं असतं.

दुसरा किनवटकडचा. आश्रमशाळेच्या वसतिगृहात शिकला, आता इथे डिप्लोमाला आहे. भीमगीतांच्या एका पार्टीत वाजवतो. त्याच्या बोटांत जोर आहे आणि तो लाजाळू आहे; दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं. गाणं पेटलं की तो चार पावलं पुढे येतो, आणि आपण पुढे आलो हे लक्षात आलं की परत मागे जातो. त्याला अजून दोन-तीन वर्षं द्या.

आणि तिसरी ही मुलगी. खरं तर मला तुम्हाला तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

तिचे वडील बँडमध्ये आहेत. बँड म्हणजे आपला लग्नाचा, लाल कोट आणि सोनेरी पट्ट्यांचा. त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं हे काम. वडील वाजवतात तो बडा बाजा, युफोनियम. पितळेचा, छातीशी धरायचा, तोंड वर असलेला. वरातीत क्लॅरिनेटवाला मास्तर पुढे असतो, नोटा त्याच्यावरून ओवाळल्या जातात, व्हिडिओवाला त्याच्या भोवती फिरतो. बडा बाजा शेवटच्या ओळीत, जनरेटरच्या गाडीजवळ. पण सगळ्या बँडचा खर्ज तोच सांभाळतो. मुलगी लहान असताना वडील घरी सराव करत आणि ती त्यांच्या पाठीला पाठ लावून बसे. "सूर कानात न्हाई, पाठीतून आले मला," ती म्हणते.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. चर्चमधल्या मुलाने स्वतःसाठी नवी गिटार घेतली तेव्हा त्याची जुनी हिने घेतली होती. अडचण सरावाची होती. घर दोन खोल्यांचं, एका भिंतीपलीकडे मोठे चुलते, त्यांचा हृदयाचा आजार. अ‍ॅम्प्लिफायर लावला की चुलत्यांच्या पलंगाजवळच्या औषधाच्या बाटल्या वाजायच्या. मग ती वायर न लावता, गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकवून वाजवत बसे. हाडातून ऐकत असे.

मी म्हटलं, "दुपारी माझ्याकडे ये. माझी बाहेरची खोली रिकामीच असते."

तिच्या आईने मला नीट पाहून घेतलं. "मॅडम, तुम्हाला त्रास न्हाई का?"

"मला दुपारी झोप येत नाही," मी म्हटलं. हे खरं होतं.

ती येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बोअरची मोटर चालू राहिली का? दुपारपास्नं हुं हुं करून राहिली." मी त्यांना आत बोलावून मोटर दाखवली. मोटर हसत हसत त्यांच्या पाया पडली. त्यानंतर वहिनी दुपारी चहा घेऊन येऊ लागल्या आणि फर्माइशी करू लागल्या, ज्यांतली एकही बेस गिटारवर वाजवण्यासारखी नसे. मुलगी वाजवे. वहिनी म्हणत, "छान, पण यात गाणं कुठंय?" आणि मी त्यांना माझ्या नव्या विद्येतून समजावून सांगे.

मी रोज ऐकत होते म्हणून मला एक गोष्ट दिसू लागली. ती मध्येच थांबायची. प्रत्येक ओळ संपायच्या जरा आधी एक सूर येणार असं वाटे, आणि तिथे काहीच येत नसे. एक अगदी छोटी, रिकामी जागा. मग पुढचा सूर यायचा, आणि तो असा यायचा की मांडीवर आपोआप थाप पडावी. चर्चमधला मुलगा असं करत नव्हता. किनवटचा करत नव्हता. तुम्ही पाठवलेल्या गाण्यांतही, आता मला बेस ऐकू येत होती तेव्हा, असं कुणी करत नव्हतं.

मी तिला विचारलं.

तिने स्वतःशी वाजवून पाहिलं. पुन्हा वाजवलं. मग हसली. "अब्बू तिथं दम घेतेत," ती म्हणाली.

बाजा फुंकून वाजवायचा असतो. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. वडील वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी श्वास घेत आले, आणि त्यांच्या पाठीला टेकून शिकलेली मुलगी ती रिकामी जागासुद्धा सुरांबरोबर शिकली. तिच्या बोटांना श्वासाची गरज नव्हती. तरी बोटं थांबत होती. फुंकणाऱ्याच्या घरात तारा छेडायला शिकलेल्या माणसाच्याच हातून हे व्हावं.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते म्हणाले, "मॅडम, ते तर माझं कच्चेपण हाय. माझे वालिद न थांबता वाजवायचे, नाकानं दम घ्यायचे. मला जमलं न्हाई कधी." आणि मुलीकडे वळून, "बेटा, तुला काय गरज पडली? तुझे तर हात हायेत. भर की ती जागा."

"भरीन की," ती म्हणाली, पण त्या दिवशी तिने भरली नाही.

आता तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. लातूरला एक ऑर्केस्ट्रा आहे. लग्नाचे स्वागत समारंभ, भीमजयंती, गणपती, उर्सातल्या कव्वाल्या, सगळीकडे तो जातो. निलंगा, उदगीर, देगलूर, बिलोली. त्याचा मालक स्वतः ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी बडवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतो. त्याच्याकडे बेस गिटार नव्हती. बेस कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवत असे, आणि मालकाला आता खरी बेस हवी होती, कारण मोठ्या लग्नांतले लोक व्हिडिओत खरी गिटार दिसावी म्हणून विचारू लागले होते. मुलीने स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवलं होतं.

घरी तिच्या आईचं म्हणणं ठरलेलं होतं. परीक्षा झाली की निजामाबादला मामाकडे जायचं आणि तिथे बी.एड. करायचं. मुलीने आईकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की एखाद्या चांगल्या ऑर्केस्ट्रात जागा मिळाली तर निजामाबाद नाही. आई कठोर बाई नव्हती. तिची भीती साधी होती: गावोगाव कोण नेणार, कोण आणणार, पोरगी कुणाशेजारी बसणार. आणि मामाकडे गिटार नेता येणार नव्हती, हे सगळ्यांना न बोलता माहीत होतं.

मालकाचा फोन आला तेव्हा ती माझ्याकडेच होती. तिने स्पीकर लावला.

"वाजिवतीस चांगलं," तो म्हणाला. "पण हात आखडतो तुझा. मधीच थांबतीस. भरून वाजीव की. पब्लिकला गॅप चालत न्हाई. गॅप पडला की माणूस जेवायच्या ताटाकडं बघतंय."

"सर, ती गॅप मी ठेवलेली हाय."

"कशापायी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मालक म्हणाला, रविवारी लातूरला ये, दुपारचं रिसेप्शन आहे, वाजवून दाखव, आणि भरून वाजव.

नंतरचे काही दिवस ती भरून वाजवत राहिली. तिला ते सहज येत होतं. तसं वाजवणं सोपंच होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सगळं बरोबर होतं आणि मला ऐकायला थांबावंसं वाटत नव्हतं. मी भाजी चिरत राहिले. वहिनींनीसुद्धा विचारलं, "आज पोरगी नाराज हाय का?"

एका दुपारी तिने गिटार खाली ठेवली. "मॅडम, भरून वाजवायचं तर कीबोर्डवाल्याचा डावा हात बी वाजवतोच की. मग मला कशाला नेतेत? व्हिडिओत दिसायला?"

"मग काय करणार?"

"तुम्ही सांगा."

मी बत्तीस वर्गांना तरी सांगितलं असेल की स्वतःचं उत्तर स्वतः लिहा. तिलाही तेच सांगितलं. ती माझ्यावर थोडी चिडली. बरं वाटलं मला.

रविवारी वडिलांना त्यांच्या बँडबरोबर वरातीला जायचं होतं. आई म्हणाली, "मॅडम जात असतील तर जाऊ दे." म्हणून मी गेले. लोहा, अहमदपूर करत एस.टी. लातूरला गेली. गिटार कापडी पिशवीत उभी धरून ती खिडकीशी बसली होती. कंडक्टर म्हणाला, "बंदूक हाय का काय?" ती म्हणाली, "हाव, लायसनची." लातूरपर्यंत मांडीवर तिची बोटं हलत होती.

मंगल कार्यालय मोठं होतं. स्टेजच्या एका बाजूला नवरा-नवरीच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला ऑर्केस्ट्रा. मालक पन्नाशीचा, चष्मा डोक्यावर. मला म्हणाला, "तुम्ही पोरीच्या कोण?"

"शेजारीण म्हणा."

"बरं. पुढं बसा, कूलरजवळ."

कीबोर्डवाला तरुण होता, गोरापान, आणि बेस गिटार येते आहे यावर नाराज नव्हता. फक्त त्याचा डावा हात काय करणार हे त्याला कळत नव्हतं. आणि गाणाऱ्या बाई होत्या, निलंग्याच्या, साठीला टेकलेल्या. त्यांना सगळे ताई म्हणत. मोठं कुंकू, नाकात चमकी, पायात स्पोर्ट्सचे बूट, कारण तासन् तास उभं राहून गुडघे दुखतात. त्यांनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवलीस का?"

"न्हाई, ताई."

"मग जोरात वाजवू नको. चक्कर येईल."

पहिलं गाणं वेगाचं होतं. मुलीने सांगितल्याप्रमाणे भरून वाजवलं. मालकाने ऑक्टोपॅडवरून मान डोलावली, "हाव, असं." लोक जेवत होते. कुणाचंही लक्ष नव्हतं. खोटं सांगत नाही, माझंही अर्धंच होतं. माझ्या शेजारच्या बाई मला त्यांच्या सुनेचं बाळंतपण सांगत होत्या.

दुसरं गाणं संथ होतं. जुन्या वळणाचं, लांब ओळींचं. मुलीने गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला. मी तिच्या हाताकडे पाहत होते. पहिली ओळ संपत आली आणि तिचा हात थांबला.

तिथे लगेच कीबोर्डचा डावा हात घुसला. बिचाऱ्याची सवय. इतकी वर्षं जिथे रिकामं दिसेल तिथे त्याने भरलं होतं. दुसरी ओळ आली. ती थांबली, त्याने भरलं. तिसऱ्या ओळीच्या आधी ती दोन पावलं त्याच्याकडे सरकली आणि वाजवता वाजवता काहीतरी म्हणाली. नंतर तिने मला सांगितलं काय ते: "दादा, डाव्या हातात जरा चहा धरा की." त्याच्याजवळ स्टुलावर खरंच कागदी कप होता. तो हसला आणि त्याने कप उचलला.

मग ती जागा खरी रिकामी झाली.

ताई गात होत्या. मी त्यांच्यापासून जवळ होते, म्हणून मला दिसलं. आधीच्या गाण्यात ओळ संपताना त्यांचा गळा ताणला जाई आणि शेवटचा शब्द अर्धा गिळला जाई. माईक थोडा दूर धरून त्या ते लपवीत. या गाण्यात ओळीच्या शेवटी बेस थांबली आणि त्या थांबल्या. खांदे उचलून पूर्ण श्वास घेतला. पुढची ओळ त्यांनी अशी उचलली की माझ्या शेजारच्या बाई सुनेच्या सातव्या महिन्यात अडखळल्या आणि स्टेजकडे पाहू लागल्या. पुढच्या ओळीला ताईंनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. त्यानंतर अख्खं गाणं त्या तिच्याकडे पाहूनच गायल्या. ताटं वाढणारे वाढतच होते, मुलं खुर्च्यांमधून पळतच होती. सगळा हॉल स्तब्ध झाला असं काही मी सांगणार नाही. पण दोन-तीन टेबलांवरचे हात ताटावर थांबले होते.

गाणं संपलं. मालक मुलीकडे वळला. "मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, सर."

"आणि?"

"पहिलं तुमच्यासारखं वाजवलं. हे माझं."

"पोरी, मी तुला ऐकायला बोलवलं का तू मला शिकवायला आलीस?"

ताई बाटलीतून पाणी पीत होत्या. त्या म्हणाल्या, "मालक, थांबा जरा. दोन वर्षं झाली, मी तुम्हाला म्हणून राहिले, मला दम पुरंना. तुम्ही म्हणता पट्टी उतरवा. पट्टी उतरवून उतरवून आता पुरुषाच्या गळ्यात गायला लागले मी. आज पहिल्यांदा कुणी मला दम घ्यायला जागा दिली."

"गॅप पडतो, ताई."

"गॅपमध्ये मी हाय की. तुम्हाला दिसले न्हाई का?"

कीबोर्डवाला म्हणाला, "आणि माझा चहा गरम गरम पिऊन झाला." मालकाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कप खाली ठेवला.

पुढची गाणी झाली. समारंभ संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता मालकाने आपला निर्णय सांगितला. संथ गाण्यांना ती तिच्या मनासारखं वाजवेल. वेगाच्या गाण्यांना भरून. उन्हाळाभर बघू, मग पुढचं पुढं.

मी मनात म्हटलं, मिळालं. घे आणि चल. माझी पिढी अशीच वागत आली. अर्धं मिळालं तर आभार मानून घरी जायचं. मुलगी वायर गुंडाळत होती. नीट, गोल, वडिलांसारखी. ती पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "सर, उन्हाळाभर येते. वेगाच्या गाण्यात बी जिथं ताईंना दम लागंल तिथं मी थांबणार. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

"म्हणजे माझं ऐकणार न्हाईस."

"बाकी सगळं ऐकीन."

"आणि मी न्हाई म्हणलं तर?"

तिने गुंडाळलेली वायर पुन्हा हातात घेतली. निजामाबाद तिला त्या क्षणी समोर दिसत असणार. मला मध्ये पडावंसं वाटलं आणि मी पडले नाही. मग ती म्हणाली, "मग मी दुसरीकडं बघीन, सर. पण वाजवीन असंच."

मालकाने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा डोक्यावर ढकलला. "बापासारखी हाय का ही?" त्याने मला विचारलं.

"बाप म्हणतात भरून वाजव," मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी उदगीर. दुपारी इथं ये." आणि जनरेटरवाल्याशी भांडायला निघून गेला.

आईला फोन लावायचा राहिला होता. मुलीने लावला. आईने पहिला प्रश्न विचारला तोच, जो मीही विचारला असता. "पक्की जागा हाय का?"

"न्हाई, अम्मी. उन्हाळाभर."

ती खोटं बोलू शकली असती. लातूरच्या बसस्थानकावर इतका गोंगाट होता की फोन कट झाला म्हणून चाललं असतं. ताई आमच्याबरोबर निलंग्याच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडं." आणि फोन कानाला लावून म्हणाल्या, "बहेनजी, मी गाणारी बाई बोलते. पोरगी माझ्या शेजारी बसंल. माझ्यासंगं जाईल, माझ्यासंगं येईल, माझ्या डब्यातलं खाईल. मी शाकाहारी हाय, तेवढं तिला सोसावं लागंल." मग बराच वेळ त्या नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बी.एड. नांदेडात बी होतंय की. शिकू द्या, शिकायला कोण न्हाई म्हणतंय." आणि फोन मुलीच्या हातात दिला.

आई म्हणाली, "आधी घरी ये. मग भांडू."

भांडण झालं, असं वडिलांनी मला सांगितलं, आणि ते दोन दिवस चाललं. ते स्वतः मध्ये बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने बी.एड.चा अर्ज नांदेडच्या कॉलेजात भरायला लावला आणि मामाला स्वतः फोन केला.

तेव्हा, मोठे, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर हे आहे. हिला ऐक. लातूरला मी फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग पाठवते आहे. ते कार्यालयातलं आहे, त्यात भांडी वाजतात आणि कुणीतरी मठ्ठा मागतंय, त्याकडे लक्ष देऊ नको. फोनच्या स्पीकरवर ऐकू नको, कानात घालायच्या त्या गोळ्या घाल. पहिल्यांदा ऐकताना तुला वाटेल मुलगी चुकली. दुसऱ्यांदा ओळीच्या शेवटी स्वतःचा श्वास कुठे जातो ते पाहा. धाकट्यालाही ऐकव. त्याला फ्रीज वाटला तर वाटू दे, माझी हरकत नाही.

तिचा हात कसा थांबतो त्याची नक्कल मात्र करू नको. ती वडिलांच्या पाठीला टेकून शिकली; तू कुणाच्या पाठीला टेकून शिकलीस ते तुला शोधावं लागेल.

ती अजूनही दुपारी माझ्याकडे येते, ज्या दिवशी कॉलेज आणि कार्यक्रम दोन्ही नसतात त्या दिवशी. उन्हाळा संपून गणपती आले तरी मालकाने "पक्की" हा शब्द काढलेला नाही, आणि तिला येऊ नको असंही म्हटलेलं नाही. परवा देगलूरहून आली तेव्हा दमलेली होती. मी विचारलं, वेगाच्या गाण्यांचं काय झालं, मालक काय म्हणतात.

"रोज बोलतेत, भर म्हणून," ती गिटार पिशवीतून काढत म्हणाली.

"मग?"

"मी रोज ऐकून घेते."

"आणि मग?"

"मग वाजवते," ती म्हणाली, आणि तारा लावायला बसली.